बोंबलाच्या चित्राचा नंबर

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया.

नवा फोन आला! रूपलनं आणला. नातीच्या पहिल्या पगाराचा फोन — आणखी काय पाहिजे म्हातारीला!

खोकं उघडलं तर आत फोन, वायर आणि एक बारकी पिन. भिंतीत खुपसायचं ते डोकं मात्र नाय. ते वेगळं घ्यावं लागतं म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे चूल दिली आणि लाकडं तुमची तुम्ही आणा!" रूपल इतकी हसली की तिला ठसका लागला.

हळद-कुंकू लावलं. काचेवर नको म्हणाली, म्हणून पाठीवर लावलं. मग जुन्यालाही एक बोट लावलं. सहा वर्षं राबला बिचारा. काच तडकलीय, बोलताना मधेच मान टाकतो, आणि तापतो असा की वर भाकरी शेकावी. पण नवी सून आली म्हणून जुनीला कोण पाटावरून उठवतं का?

आमरस खाल्ला. दोन वाट्या. शुगर १५१.

(डॉक्टरांनी ही वही शुगर लिहायला सांगितली. शुगर एका ओळीत होते. उरलेलं पान कोरं सोडवत नाय.)

११ मे, शनिवार

शुगर १३८.

रूपलला सुट्टी. म्हणाली, आजी, आज जुन्यातला सगळा डेटा नव्यात टाकू. मी विचारलं, डेटा म्हणजे काय काय? नंबर, फोटो, व्हिडिओ, मेसेज. आपोआप जातं म्हणे. दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक गोल फिरत बसला. मी पण बसले समोर. मला वाटलं काही तरी जाताना दिसेल.

मला तर ती भाताची लावणी वाटली. सफाळ्याला बाबांच्या शेतात मी लावणी केलेली आहे, मला कुणी शिकवू नये. रोप इथून उपटायचं, तिथं रोवायचं. पण दोन दिवस ते मान टाकतंच. आणि काही मरतंच. रूपल म्हणाली, "इथं काय मरत नाय आजी." बघू.

बोटाचा ठसा पण घेतला. आता बोट ठेवलं की फोन उघडतो! माझं डावं बोट दिलं. मी डावरी. शाळेत गुरुजी डाव्या हातावर छडी मारायचे — उजव्यानं लिही! उजव्यानं मला जमेना, तिसरीनंतर शाळाच सुटली. आज त्याच डाव्या बोटानं फोन उघडतो. गुरुजी असते तर दाखवलं असतं.

एक वाईट कळलं. ते लोनवाले हिंदीत फोन करतात ना, "मॅडम लोन चाहिए?" — त्यांना गप्प करायचं रूपलनं मला दोन वर्षांपूर्वी शिकवलं. नंबर दाबून धरायचा, लाल गोल आला की दाबायचा. मग तो माणूस परत आपल्याकडे वाजत नाय. मी त्यात तरबेज झाले. वीस-बावीस जणांची तोंडं बंद केली! तर ती यादी नव्यात जात नाय म्हणे. नव्यात कार्ड घातलं की सगळ्यांची तोंडं परत उघडणार. जाऊ दे. परत बंद करू. बोट आहेच.

१२ मे, रविवार

मरत नाय म्हणाली होती ना? मेलं!

नंबर आले पण चित्रं नाय आली. रूपलला वाटलं, त्यात काय एवढं. पण माझा सगळा कारभारच चित्रांवर. नावं सगळी तिनं इंग्रजीत घातलेली, आणि मला इंग्रजी येत नाय. म्हणून तिनंच तेव्हा प्रत्येकाला चित्र लावून दिलं होतं. दूधवाला म्हणजे म्हैस. माझा मुलगा प्रदीप म्हणजे त्याचा दीड वर्षाचा रडका फोटो (त्याला अजून माहीत नाय). डॉक्टर म्हणजे केळं, कारण पहिल्या दिवशी केळं बंद केलं त्यांनी. साखरबाई म्हणजे दोरीवर वाळत घातलेले बोंबील.

आता सगळे गेले. नुसता रंगीत गोल आणि आत एकेक इंग्रजी अक्षर. कार्ड अजून जुन्यात, पण घरच्या वायफायवरून नव्यातूनही फोन लागतो म्हणे. लावला, तर चुकून डॉक्टरांना लागला. मी म्हटलं, दादा, उद्या एक लिटर जास्त टाका.

रूपल म्हणाली, एकेक करून परत लावू. पहिलं कुणाचं लावू? माझ्या तोंडावर बोंबील आला होता. पण म्हटलं, म्हैस लाव.

साखरबाईचं लिहितेच आता. शिरगावला होतो तेव्हा चाळीस वर्षं सातपाटीहून माझ्या ओट्यावर आली ती. आधी डोक्यावर टोपली, मग गुडघे गेले तेव्हा रिक्षात टोपली. मे महिना लागला की आगोटीचं सगळं तिच्याकडूनच — सुके बोंबील, जवळा, बांगडे. पावसाळाभर पुरायचं. पण ती काय नुसती मासळी द्यायला यायची? चहा घ्यायची, सुनेच्या तक्रारी करायची, माझ्या ऐकायची. माझे मालक गेले तेव्हा तेरा दिवस रोज आली. रिकाम्या हातानं.

गेल्या वर्षी भांडण झालं. जवळ्याची चटणी केली, व्याही जेवायला, आणि घासात वाळू! कचकच! दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्यावर आली. चार बायका बसलेल्या, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "साखरे, जवळा देतेस का किनारा?" बायका खो खो हसल्या. ती नाय हसली. टोपली उचलली आणि गेली. चहा तसाच राहिला.

चारच दिवसांनी आम्ही शिरगावचं घर बंद करून इथं बोईसरजवळ सरावलीला आलो, प्रदीपच्या घरी. तिला पत्ता माहीत नाय. फोन माहीत आहे. पण तिनं एकदा पण केला नाय. वर्ष झालं.

मी का करू? वाळू तिची.

१३ मे, सोमवार

म्हैस लागली. केळं लागलं. प्रदीप रडतोय. शुगर १४०.

१५ मे, बुधवार

फोटोंवरून घरात लढाई! नऊ हजार फोटो निघाले. प्रदीप म्हणाला, "आई, त्यातली सात हजार सुप्रभात आहेत. गुलाबाची फुलं आणि कपबशा. पुसून टाक ना."

मी म्हटलं, लोकांनी माझा दिवस चांगला जावो म्हणून पाठवलेत. पुसू कसे? उद्या दिवस वाईट गेला तर तू येणार का?

शेवटी तडजोड झाली. गुलाब गेले, देव राहिले.

मग तो एका व्हिडिओवर थांबला. साखरबाई ओट्यावर बसून मापानं जवळा मोजतेय आणि फोन धरणाऱ्या रूपलला ओरडतेय — "ए बाय, माझा फोटू काय काढतंस, माप चुकलं ना माझं! आता आजीला शेरभर जास्ती जायल, आन् ती काय परत देनार हाय?" आणि मागं माझा हसण्याचा आवाज. किती मोठ्यानं हसते मी! मला माहीतच नव्हतं.

प्रदीप म्हणाला, "हे मासळीचं कशाला, जागा खातं." मी म्हटलं, खाऊ दे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तसाच राहू दिला. शहाणा आहे तसा. लहानपणी रडका होता तेवढंच.

१८ मे, शनिवार

आज वर्ष झालं त्या दिवसाला. कुणाला आठवण असेल असं वाटत नाय. जवळ्याची चटणी करावीशी वाटली. घरात जवळा नाय. बोईसरच्या बाजारातला आणला होता हिवाळ्यात, त्याला चवच नव्हती. वाळू नव्हती, पण चव पण नव्हती.

शुगर १३२.

२० मे, सोमवार

मतदान. माझं नाव अजून शिरगावच्या यादीत. प्रदीपनं गाडीनं नेलं. डाव्या बोटाला शाई लावून घेतली. मी लगेच फोनवर बोट ठेवून बघितलं — उघडला! शाईनं त्याला काय फरक पडत नाय.

घरी डोकावले. वाडीत दीर पाणी सोडत होते. केळी बऱ्या आहेत. शेजारची रखमाबाई धावत आली. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "साखरबाई लय दुखावलीय गं तुझ्यावर."

मी म्हटलं, एका वाळूच्या शब्दावर अजून?

"वाळू कसली! म्हणते, आनंदी माझा फोन घेत नाय. केला की लगेच कापते. मोठी झाली बोईसरला जाऊन."

ऐकलं का हे! मी कापते? मी? वर्षात एकदा वाजला नाय तिचा फोन! रखमाबाईला म्हटलं, तिला सांग, आनंदीला नवीन फोन आलाय, त्यात खोटं बोललेलं ऐकू येतं. रखमाबाईला ते खरंच वाटलं.

गाडीत प्रदीपला म्हटलं, सातपाटीवरून घे. मग म्हटलं, नको. सरळ चल.

२१ मे, मंगळवार

डोक्यातून जात नाय. चाळीस वर्षांत मापात चुकली असेल, वाळूत चुकली, पण साखरबाई खोटं कधी बोलली नाय. मग आता का बोलते?

शेवटी मीच बोंबलावर बोट ठेवलं होतं — जुन्या फोनवर, तिथं चित्र आहे अजून. दाबलं नाय. काय म्हणणार? मी का कापेन गं तुझा फोन? आणि ती म्हणाली, जा, किनाऱ्यावर जाऊन बस, मग?

संध्याकाळी रूपलनं त्या बारक्या पिनेनं जुन्या फोनातून कार्ड काढलं. नखाएवढं कार्ड! त्यात आपला नंबर असतो म्हणे. नव्यात घातलं. जुना आता नुसतं घड्याळ.

मग मी म्हटलं, रूपल, बोंबील लाव.

ती म्हणाली, "मी वाटच बघत होते, कधी सांगतेस."

२३ मे, गुरुवार

वाजला!!

सकाळी डाळ धूत होते. फोन वाजला, बघते तर बोंबील! हात ओले, पुसायचं सुचेना. शाईच्या बोटानं तसाच घेतला.

मी हॅलो म्हटलं.  पलीकडून आवाज आला, "लागला?"

मी म्हटलं, लागला म्हणजे? लावलास तर लागणारच.

"वरीसभर लावतंय मी! कुत्र्याला हाकलावं तसं कापतंस! काल रखमाबाय बोलली, नवीन फोन घेतलाय तिनं, त्यात खोटं ऐकू येते. मी बोलली, मंग त्यावरच करून बघते शेवटचा."

"साखरे, देवाशपथ, एक नाय आला तुझा."

"गणपतीला केला. दिवाळीला केला. नातवाचं लगीन झालं तेव्हा दोन दिस केला. मंग आमी बोललो, जाऊ दे, मोठी मान्सं झाली."

मी ओल्याच हातानं डोळे पुसले.  तीच म्हणाली, "रडतंस काय? आगोट भरलीस का नाय? एक तारखेपासून होड्या बंद. बोंबील चांगला सुकलाय. रयवारी येते, पत्ता दे."

पत्ता मला सांगता येईना. घरातच राहते मी, बाहेरून कसं यायचं काय माहीत! रूपलनं फोन घेऊन सांगितला, बोईसर स्टेशनपासून रिक्षा कुठली ते पण.

शुगर घेतली नाय. कितीही असू दे.

२४ मे, शुक्रवार

आज रूपलला विचारलं, मग वर्षभर तिचे फोन गेले कुठं? तिनं जुना फोन चार्जिंगला लावला. मी गप्प केलेल्यांची यादी तिनं उघडली. लोनवाले, लोनवाले, लोनवाले — आणि मधे बोंबील.

खाली साखरबाईच्या फोनांच्या तारखा होत्या. रूपलनं वाचून दाखवल्या. गणपती. दिवाळी. लग्नाचे दोन दिवस. आणि सगळ्यात पहिला, गेल्या वर्षीचा, १८ मे, संध्याकाळी सव्वासहा.

भांडण दुपारी झालं होतं. ती जाते न जाते तोच लोनवाल्याचा फोन आला होता, आणि मी रागारागात त्याला गप्प केलं होतं. त्याच्या खालीच तिचा सकाळचा फोन होता, जवळा घेऊन येते म्हणाली तो. एक ओळ चुकली. मी तिला बंद केलं, आणि संध्याकाळी तिनं फोन केला होता.

रविवारी ती टोपली उतरवायच्या आधी सांगणार आहे. वाळू तिची होती. बोट माझं. शाई अजून गेली नाय.