तिसऱ्या रिळाआधी पाचवं

कोल्हापूर,
मार्च २००७

सोमशेखर अण्णा,

आजच्या पेपरातलं तुझं परीक्षण वाचलं आणि शिसारी आली. तीन देश, तीन गोष्टी, कुणाचं कुणाला कळत न्हाय, असला तो सिनेमा. त्यावर तू लिहितोस, "कथा मधेच मोडून दिग्दर्शक तुटलेला संवाद पडद्यावर आणतो."

दिग्दर्शकानं काय मोडलं न्हाय. वर केबिनीत ऑपरेटर मी, तुझा सख्खा भाऊ. तिसऱ्या रिळाआधी मी पाचवं लावलं. म्हातारी आधी मेली आणि मग चुलीपुढं बसून चहा करायला लागली, एवढं समोर दिसत हुतं की! साधा मारामारीचा सिनेमा असता तर पब्लिकनं माझ्या नावानं बोंब मारली असती. तुम्ही फिल्म सोसायटीवाले शहाणे मात्र टाळ्या वाजवून उठलात.

आणि तुझी शेवटची ओळ, "कुणीतरी आधी बोलायला हवं." थू!

आपली आई, अव्वा, गेल्यापास्नं सहा वर्षं आपण बोललो न्हाय. काल मधे फक्त अठरा पायऱ्या हुत्या. लाईट लागल्यावर तू केबिनीकडं मान वर केलीस. मी दार उघडून उभा ऱ्हायलो. तू वही मिटलीस आणि गेलास.

हे पत्र पेटीत टाकणार न्हाय. टाकलं तर तू ह्याचंबी परीक्षण लिहिशील.

रीळ कसं चुकलं, ते मालकाला सांगितलं न्हाय. बदलायच्या वेळी मी झरोक्यातनं तुझं टक्कल बघत हुतो. अगदी आप्पांसारखं पडलंय.

ऑपरेटर,
अमरेश