इमोरीला नखभर पाणी

२१ जुलै
खारवलेली उमेची, जर्दाळूसारखी आंबट फळं उन्हात घातलीत, ती उलटायला गेले तर चाळणीखाली इमोरी! बोटभर, पालीसारखी, काळी पाठ नि लालभडक पोट. विहीर सोडून अंगणात कशाला तडफडायला आली कोण जाणे. फळांचं खारं पाणी वरून ठिबकत होतं, ते अंगावर पडून उमेसारखीच सुरकुतलेली. मेली असं धरूनच उचलली, तर एक पाय हलला.

बादली विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि सोडली आत. पाण्यातला जीव, पाण्यानेच बरा होईल.

संध्याकाळी हॉस्पिटलात ह्यांना सांगितलं. अर्धंच तोंड हलतं, पण मला नीट कळलं — "आपल्या विहिरीतली?" अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदा आपणहून काही विचारलं!

२२ जुलै
मारलीच होती मी. सकाळी बघते तर बादलीच्या तळाशी, पोट वर. नशीब, तेवढ्यात शेजारची हात्सुयो काकड्या द्यायला आली. बाही सारून तिने आधी बाहेर काढली.

"अगं तोमीए, हवा घ्यायला वर यावं लागतं तिला! अंगात त्राण नाही आणि तू एवढ्या पाण्यात लोटलीस?"

मग डब्यात ओलं शेवाळ, वर झाडाची सावली. "नखभर पाणी पुरे. बरी झाली की मग विहीर आहेच." आणि जाता जाता तिची जीभ — "मेली तर भाजून भुकटी कर, टाक कियोहारुंच्या अंगावर. पुन्हा लट्टू होतील तुझ्यावर!" जुनी चेष्टा. लग्नातही केली होती हिने.

हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. हात्सुयो आपणच आणलेल्या काकड्या धुवत बसली.

२३ जुलै
जिवंत आहे.

२५ जुलै
हात्सुयोची भुकटी ह्यांना सांगितली. अर्ध्या तोंडाने हसले. "तुझ्यावरच टाकायला हवी. मग तरी पाणी देशील."

गिळणं अजून ताळ्यावर नाही. पातळ काही दिलं की थेट फुप्फुसात उतरतं म्हणे, म्हणून चहासुद्धा घट्ट करून चमच्याने. आज चमचा ढकलून दिला. "खळ आहे ही! कपड्यांना लावा!" मग माझा हात धरून — "विहिरीचं आण. एकच घोट."

नर्स चांगली आहे पोर. "नको हं, आजी. गुरुवारी डॉक्टर पुन्हा गिळून बघायला लावणार आहेत. तेवढं जमलं की आजोबा घरी."

२७ जुलै
नेलं आज. बाटलीत भरून, टॉवेलात गुंडाळून, चोरासारखं.

नर्स बाहेर गेली. बाटली काढली. ह्यांनी लगेच ओळखली, तोंड उघडलं आणि वाट बघत राहिले. मी झाकण फिरवलं — आणि डोळ्यांपुढे बादलीचा तळ. पोट वर.

झाकण परत लावलं. म्हटलं, गुरुवारपर्यंत थांबा, मग हवं तेवढं देते.

भिंतीकडे तोंड फिरवलं. मी निघेपर्यंत वळले नाहीत. दारात पोचले तेव्हा म्हणाले, "त्या इमोरीला देतेस."

अहो, तिलासुद्धा नखभरच देते! बसमध्ये सुचलं हे.

२८ जुलै
बोलले नाहीत आज. मीही हट्टाला पेटले. गुरुवारी दाखवतेच म्हटलं मनात.

२९ जुलै
इमोरीने गांडूळ खाल्लं! अख्खं, झटके देत देत. जुनी कातडी टाकली, खालून नवी तुकतुकीत निघाली. संध्याकाळी विहिरीच्या ओल्या दगडांवर ठेवली. थोडी थबकली आणि गेली. मागे वळून बघायची रीत नसावी त्यांच्यात.

हात्सुयो म्हणाली, "हाताला गुण आहे बाई तुझ्या." खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

ह्यांची गादी उन्हात घातली. विहीर दिसेल अशी अंथरणार आहे.

३१ जुलै, गुरुवार
सकाळी चहा ठेवला होता तेव्हा फोन आला. पोचेपर्यंत संपलं होतं. हृदय थांबलं. फुप्फुसं अगदी स्वच्छ होती, डॉक्टर म्हणाले. मला धीर द्यायला म्हणाले असतील.

एक घोट दिला असता तर काय झालं असतं!

शेवटचं पाणी म्हणून ओठ ओले करायला नर्सने काडीला कापूस लावून वाटीसकट पुढे केला. वाटीत नळाचं पाणी. मी ते ओतून टाकलं. पिशवीत आज द्यायची बाटली होती, पहाटे विहिरीवर भरलेली. त्यात कापूस बुडवला. ओठांवर, मग पुन्हा, मग पुन्हा. पाणी हनुवटीवरून उशीत मुरलं.

"सावकाश, आजी, ठसका —" नर्स सवयीने बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मी बाटली संपेपर्यंत देत राहिले.