वळूला छावणी नाही

चाकूर, वैशाखातला सोमवार

दुष्काळातल्या चारा छावणीवरच्या कारकुनानं आज आमचा देवणी वळू परत पाठवला. "कामाचे बैल अन् दुभती जनावरंच घ्यायलोय. वळू न्हाई." लातूर जिल्हा नवा झाला, साहेब जवळ आले, नियम तोच. घरी येऊन वळू रिकामी गव्हाण चाटत राहिला.

अप्पा म्हणाले, "उद्या बडवून आणू. खच्ची केला की बैल म्हणून घेतील."

मी वडलांवर ओरडलोच. शेजारच्या गावांचे वळू बाजारात गेले. तिथं आता गाईंना जर्सीचं इंजेक्शन. उपाशी गाई सध्या माजावर येत नाहीत. पाऊस पडल्यावर येतील, तेव्हा देवणी वळू आणायचा कुठून? बडवला तर जनावर वाचेल, वाण जाईल. आणि नाही बडवला, अन् उपाशी मेला तर? मग मी काय वाचवलं? ते गव्हाण चाटणं कानातून जाईना.

दिवेलागणीला खरखर ऐकून बाहेर आलो. अप्पा गोठ्यावर चढून छपराचं जुनं पाचट उपसत होते.

"अप्पा, अन् पाऊस आला तर?"

"येऊ दे की. लई झालं तर भिजू. घे, टाक गव्हाणीत."