अनंत कोटी नावाचे कप्तान

बाबा, आपल्या सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून लिहितेय. इथंच पाट मांडून तुम्ही रोज सकाळी पोथी वाचायचात, आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची, आणि मग डबा घेऊन तुम्ही न्हावा शेवा बंदरावर क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात जायचात. मी सहा-सात वर्षांची. ओव्यांमध्ये ‘अनंत कोटी ब्रह्मांडे’ आली की मला वाटायचं, अनंत कोटी हे कुणा माणसाचं नाव आहे आणि ही सगळी ब्रह्मांडं त्यांच्या ताब्यात आहेत. एकदा विचारलंच, "बाबा, अनंत कोटींना रविवारी सुटी असते का?" आई लाटणं टाकून हसत सुटली. तुम्ही हसला नाहीत. "नसते गं," म्हणालात, "बंदरावरच्या माणसासारखंच त्यांचं. जहाज लागलं की जायचं." मग खरा अर्थ सांगितलात. "पण मोजायला बसू नको, डोक्याचा भुगा होईल. नुसतं डोळ्यांपुढं आण." पुढे कॉलेजात सरांनी आकाशगंगांचं सांगितलं तेव्हा सगळा वर्ग अवाक झाला. मला ते पोळीच्या वासासकट आधीच माहीत होतं.

माझ्या कादंबऱ्यांतल्या यानाच्या कप्तानांचं नाव अनंत कोटी का, असं वाचक विचारतात. काहींना वाटतं, मी विज्ञानात देव घुसवतेय. देवाचं तुमचं तुम्हाला ठाऊक, माझी त्याच्याशी ओळख जेमतेम. मी घेतलं ते दुसरंच. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, तिथं तुम्ही थांबायचात. "ऐकणाऱ्याला पोचायला वेळ नको?" म्हणायचात. माझी यानंही तशीच जातात. तीन लांब टप्पे आणि मग एक छोटा, ज्यात माणसं खिडकीतून नुसती बघत बसतात. संपादक म्हणतात, "मॅडम, इथं जरा ॲक्शन टाका ना, रीडर बोअर होतो." मी ऐकत नाही. हा हट्ट कुठून आला ते तुम्ही जाणताच.

आता या मालिकेतली शेवटची कादंबरी लिहून झालीय. यान इतकं दूर गेलंय की कप्तान परत येणार नाहीत, फक्त त्यांचा आवाज पृथ्वीवर पोचणार होता. तो आवाज तुमचा असेल, हे मी पहिल्या पानापासून ठरवलं होतं. म्हणून तुम्ही गेल्यापासून मिटलेली पोथी काढून मोठ्यानं वाचायला बसले. शब्द सगळे जागेवर, पण तुमची चाल जमेना. आईला म्हटलं, "बाबा कसे म्हणायचे गं?" तिनं डोळे मिटून चार ओव्या म्हटल्या. सुरेख म्हटल्या, पण तो सूर तिचा होता. तिलाही ते कळलं असावं, कारण पाचवी सुरू न करता ती चहा टाकायला उठली.

शेवटी मी कप्तानांना गप्पच ठेवलं. पृथ्वीवरची माणसं यंत्राला कान लावून बसतात आणि पलीकडून काहीच येत नाही. संपादकांना तो शेवट फार आवडला. "एकदम बोल्ड, मॅडम," म्हणाले. मीही मान डोलावली. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हालाच सांगते. बोल्ड वगैरे काही नाही. मला तुमचा आवाज आठवत नाही, बाबा.