शून्य केबी

मुकुटबन, बुधवार, दिवेलागण

कोलामी शब्दांची एक्सेल फाइल आजही उघडली नाही. पुन्हा डाउनलोड केली, नाव बदलून पाहिलं, शेवटी वणीला कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, फाइल हाये, पण आत काहीच नाही. शून्य केबी."

चूक माझीच. शब्द सांगणाऱ्या भीमामावशीच्या पोडावर, त्या कोलाम वस्तीत, रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. तिथे स्कुटी थांबवून फाइल क्लाउडवर टाकली आणि पूर्ण चढायच्या आधीच निघाले. घरी आल्यावर यादीत फाइलचं नाव दिसलं, म्हणून लॅपटॉपमधली पुसून टाकली. काहून एवढी घाई? उघडून पाहायला किती वेळ लागला असता?

दुपारी मावशीकडे गेले. फाइल गेल्याचं सांगायचा धीर झाला नाही. उजळणी करू म्हणाले. वर्षभर एकेक शब्द आठवून देणारी मावशी आठ-दहा शब्दांतच अडली आणि हसली.

"आता नाही आठवत, पोरी. तू लिहून घेतलं, मंग मी कायले डोक्यात ठेवू? तुह्यापाशी हाये ना सारं?"

शून्य केबी.

"हो मावशी," मी म्हणाले, "आहे."