हरकतपत्रावरची आईची सही

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, धंदा ताडपत्र्या आणि तंबू शिवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे रागाच्या भरात लिहिलं, असं माझ्या धाकट्या भावाचा वकील म्हणेल. राग आहेच. पण जो आठ वर्षं उतरला नाही, त्याला भर म्हणत नाहीत.

१. जुन्या चर्चची इमारत माझ्याबरोबर शिवणाऱ्या तिघींना समाईक द्यावी. माझ्या भावाला ती विकू नये, भाड्याने देऊ नये, एक दिवस सामान ठेवायलाही देऊ नये.

कारण लिहिते. मोठा तंबू शिवायचा तर कापड सपाट पसरावं लागतं, मध्ये खांब चालत नाही. चर्चमध्ये येणारी माणसं कमी झाली, तेव्हा त्यांनी शेवटची प्रार्थना करून इमारत रीतसर मला विकली. किल्ल्या देताना पाद्री म्हणाले, "बाई, इथे काम होऊ द्या. रिकामं राहिलं की छप्पर बसतं." त्यांची हरकत नव्हती. हरकत माझ्या भावाची होती.

त्याचं फर्निचरचं दुकान त्याच भिंतीला लागून. त्याला ही इमारत पाडून गोदाम बांधायचं होतं. मी वापरबदलाच्या परवानगीसाठी नगररचना कार्यालयात अर्ज केला, तर याने हरकतपत्र लिहून दिलं, की यंत्रांचा आवाज होईल आणि पवित्र वास्तूचा अपमान होईल. तीस वर्षांत याने त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं! खाली शेजाऱ्यांच्या चार सह्या. चौथी आमच्या आईची. आई त्याच्याकडे, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेली होती.

मी त्याला फोन केला. "आईने सही केली?"

"तिला पटलं म्हणून केली. तुझं तोंड बघायचं नाही म्हणते."

आईला माझा धंदा कधीच आवडला नव्हता, म्हणून मला ते खरं वाटलं. अर्ज फेटाळला गेला. मी अपील केलं आणि आईकडे जायचं बंद केलं. सात महिन्यांनी आई गेली.

त्यानंतर चार वर्षांनी अपिलाची सुनावणी झाली. तिथे आईची नर्स साक्षीला उभी राहिली. तिचे शब्द असे: "आजींना चष्मा लावला नव्हता. त्यांनी विचारलं, 'हे पोरीच्या परवानगीचं ना?' मुलगा म्हणाला, 'हो, तिच्याच परवानगीचं.' पहिली सही वाकडी आली म्हणून आजींनी खोडून पुन्हा नीट केली. नंतर रोज विचारायच्या, 'मिळाली का तिला परवानगी? कामात असेल, म्हणून येत नाही.'"

अपील मी जिंकले. आईकडे वर जायला चौदा पायऱ्या होत्या. मला चढून विचारता आलं असतं. तो दोष माझा, तो मी कुणाच्या नावे करत नाही.

२. राहतं घर, दोन खोल्या, भावाच्या मुलीला. सुनावणीच्या दिवशी ती बापाच्या शेजारून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. त्या पोरीला स्वतःचं दार असावं. बँकेतली शिल्लक इमारतीच्या छपराला लावावी.

३. माझी दाभणं आणि ती जाड कापडातून रेटताना तळहाताला बांधायचा चामडी पट्टा तिघींतल्या थोरलीला. ती डावखुरी आहे. पट्टा उलटा शिवून घ्यावा. तीस मीटरची टेप नगररचना कार्यालयातल्या त्या साहेबांना, ज्यांनी तीन वेळा येऊन इमारत मोजली आणि तिन्ही वेळा वेगळी लांबी लिहिली. टेप वाचायची कशी, तेही थोरलीने त्यांना दाखवावं.

४. भावाला हरकतपत्राची प्रमाणित प्रत. हे मृत्युपत्र वाचताना ती त्याच्या हातात द्यावी आणि नर्सबाईंची साक्ष त्याच्यासमोर मोठ्याने वाचावी. सुनावणीत ती सुरू होताच फोन आल्याचं सांगून तो बाहेर निघून गेला होता. या वेळी फोन बंद करायला सांगावा.

५. माझ्या भावाला मी माफ केलेलं नाही. मी गेल्यावर "शेवटी तिने मन मोठं केलं" असं तो चारचौघांत सांगत फिरेल. ते खोटं आहे, हे तिघींनी तिथल्या तिथे सांगावं. आजारपणात, शुद्ध हरपत असताना, माफीच्या एखाद्या कागदावर माझी सही मिळाली, तर ती खरी धरू नये. आमच्या घरात सही कशी घेतात, ते वर लिहिलं आहे.

हे सगळं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून, दोन साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली.

सही : तंबू शिवणारी

साक्षीदार १ : आईची नर्स (सही)
साक्षीदार २ : समोरचे कुलूपवाले (सही)

ठिकाण : जुन्या चर्चची इमारत, शिवणाची जागा
दिनांक : ११ फेब्रुवारी २०१९, सकाळी साडेदहा