डाळिंबाचे डोळे फुगेपर्यंत

मी, खाली सही करणारा, वय बावीस पूर्ण, वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडलेला आणि तेव्हापासून मास्तरांच्या नर्सरीत बोन्सायच्या कामाला असलेला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहून ठेवत आहे. माझ्या डोक्यात उजव्या कानामागे लिंबाएवढी गाठ आहे आणि येत्या मंगळवारी ती काढणार आहेत. विचार करण्याचा भाग शाबूत आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. आई म्हणते, असलं अभद्र लिहूच नकोस. दादा वकिलांकडे कारकून आहे. तो म्हणतो, लिहायचंच असेल तर कलमं घालून लिही आणि शिव्या गाळ. मी दोन्ही करायचा प्रयत्न केला आहे.

डॉक्टर म्हणाले, दहातले आठ जण नीट उठतात. नववा उठतो, पण त्याचा हात पूर्वीसारखा चालत नाही. दहाव्याबद्दल ते काही बोलले नाहीत. हा कागद दहाव्यासाठी आहे. नवव्यासाठीही आहे, कारण हात गेला तर हत्यारं माझ्या काय कामाची?

कलम १. खिडकीकडची खाट दादाला द्यावी. ती मी लहानपणी त्याला चावून आणि ओरबाडून मिळवली होती, हे आज लेखी कबूल करतो. मी कॉलेज सोडलं त्या संध्याकाळी दादा म्हणाला होता, "झाडं खुजी करायला निघालास? आधी अक्कल खुजी करून घेतलीस की!" त्यावर मी त्याचा जेवणाचा डबा खिडकीतून खाली फेकला. पुढे वर्षभर आम्ही आईमार्फत बोलत होतो. "आई, त्याला म्हणावं मीठ दे." "आई, त्याला म्हणावं हात आहेत की." चेपलेला डबा तो अजून ऑफिसला नेतो. दादा, तो तू मला टोचण्यासाठी नेतोस असं मला वाटायचं. गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा रिक्षात तू तोच डबा मांडीवर घट्ट धरून बसला होतास आणि बाहेर बघत होतास. मग मला तसं वाटेनासं झालं. माझा डबाही तूच घे.

कलम २. बँकेचं पुस्तक आणि त्यात असेल ते सगळं आईला. तिने ते स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावं, माझ्या फोटोच्या चौकटीवर नव्हे. ज्याचा या कागदात वेगळा उल्लेख नाही तेही सगळं आईचं.

कलम ३. कॉलेजातल्या सरांनी भर वर्गात बोन्सायला झाडाचा छळ म्हटलं होतं. "तुम्ही एकतरी झाड जगवून दाखवा," असं म्हणून मी दार आपटून निघालो. दाराची काच फुटली आणि मग परत जायला तोंड उरलं नाही. माझं मत आजही तेच आहे. पण काच फोडण्याऐवजी दहा मिनिटं बसलो असतो, तर त्यांना ते पटवता आलं असतं. मुळांच्या चित्रांची माझी वही त्यांना पोचवावी. त्या दहा मिनिटांत जे बोललो असतो ते शेवटच्या चार पानांवर आहे.

कलम ४. आता डाळिंबाबद्दल. माझं म्हणता येईल असं झाड एवढं एकच. बाकीची मास्तरांची. हे कोणीतरी कुंपणाबाहेर उपटून टाकलं होतं. मी ते उचललं आणि तीन वर्षांत वीतभर उंचीवर आणलं. खोड डावीकडे वळून परत वर येतं. ते वळण माझं नाही, त्याचंच आहे.

नर्सरीच्या मागच्या गल्लीत एक मुलगी तिच्या मावशीच्या भट्टीवर बोन्सायच्या उथळ थाळ्या घडवते. तिच्याबद्दल इथे मोघम लिहिणार नाही. माझं तिच्यावर प्रेम आहे. तिच्या कोपरापर्यंत नेहमी माती असते, बोलताना ती माणसाच्या हातांकडे बघते आणि थाळी मनासारखी झाली नाही तर दुसऱ्याने बघायच्या आत फोडून टाकते. मी मुद्दाम थाळ्या न्यायला जायचो. मास्तर म्हणायचे, "अरे, इतक्या थाळ्यांत काय माझी हाडं लावणार आहेस?"

गेल्या उन्हाळ्यात तिने माझ्या डाळिंबासाठी थाळी केली. निळसर राखाडी, काठ किंचित आत वळलेला. थाळी भट्टीतून निघाली त्याच दुपारी मी झाड तिच्यात लावलं. मास्तरांचा नियम असा, की थंडी सरताना फांदीवरचा डोळा तांदळाच्या दाण्याएवढा फुगला आणि अजून उघडला नाही, तेवढ्याच दिवसांत मुळांना कात्री लावायची. मला तो पाठ होता. मी तो भर उन्हाळ्यात, पानांनी भरलेल्या झाडावर मोडला, कारण मला संध्याकाळपर्यंत ते तिच्यापुढे नेऊन ठेवायचं होतं. आणि सोबत एक प्रश्न विचारायचा होता.

मी नेलं. ऊन होतं, पानं वाटेतच मलूल झाली. तिने झाडाकडे पाहिलं आणि हात पुसले.

"आज कापलीस मुळं?"

"तुझी थाळी आज निघाली ना."

"माझी थाळी दहा वर्षं थांबली असती. याला विचारलंस का?"

मी म्हणालो की मला याच्याबद्दल नाही, दुसरंच काही विचारायचं आहे. ती म्हणाली, "ते मला कळतंय. वेडी नाहीये मी. पण तुला काही सुचलं की ते त्याच मिनिटाला व्हायला हवं असतं, मग समोरच्याचं काहीही होवो. याला परत जुन्या कुंडीत घाल, सावलीत ठेव. जगलं तर थंडी सरताना नीट वेळेवर या थाळीत लाव. तोवर मला विचारू नकोस."

तिसऱ्या दिवशी झाड उघडं पडलं. एक पान राहिलं नाही. पावणेदोन महिन्यांनी खोडाच्या वळणावर नव्या कोंबाचा लाल ठिपका दिसला. मी नर्सरीत ओरडलो तेव्हा मास्तरांना वाटलं, विंचू चावला. तेव्हापासून आजपर्यंत मी तिला काही विचारलेलं नाही. थाळ्या आणायला शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसला पाठवतो. थाळी फळीवर रिकामी आहे.

कलम ५. हत्यारं आणि सामान. हा सगळा महिना मी तयारी केली आहे, ती अशी. मुळांची कात्री दगडावर लावून, स्पिरिटने पुसून, तेलाचा हात देऊन फडक्यात गुंडाळली आहे. फांद्या कापायचा गोल तोंडाचा कटरही तसाच. मुळं सोडवायच्या आकड्याची मूठ सैल होती, ती बसवली. विटांचा चुरा, जाड वाळू आणि पानांचं खत तिन्ही चाळण्यांतून काढून, धूळ उडवून तीन डब्यांत भरलं आहे. थाळीच्या भोकांवर बसतील असे जाळीचे चौकोन कापले आहेत. तार तीन जाडीची, वितावितीचे तुकडे करून बांधली आहे. बांबूच्या काड्या तासल्या आहेत. तार तोडतानाच एकदा पकड हातातून गळून पडली आणि त्यामुळे गाठ सापडली. तेव्हा काही तुकडे वाकडे तोडलेले दिसतील. ते आळसाने नाहीत.

हे सगळं मी चष्मिसला देतो. चष्मिस म्हणजे नर्सरीत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा. त्यालाही ती आवडते. त्याने सांगितलेलं नाही, पण ती आली की तो कोरडा चष्मा पुसतो. म्हणून मी त्याला दोन वर्षं नीट वागवलं नाही. त्याची तार मी सगळ्यांसमोर सोडवून परत बांधायचो.

मग त्याला का, तेही लिहितो. गेल्या रविवारी मी डाळिंब टेबलावर घेतलं. डोळे अजून मोहरीएवढेच होते. पण मंगळवार ठरला होता, आणि मला वाटलं, काय फरक पडतो, मी असेपर्यंत मीच लावतो. कात्री उघडली. चष्मिस शेजारून म्हणाला, "अजून दोन आठवडे आहेत याला."

"मला नाहीयेत."

"याला आहेत ना पण."

मी त्याची कॉलर धरली. त्याचा चष्मा वाळूच्या डब्यात पडला. तो हललाही नाही. म्हणाला, "मार हवं तर. मारून झालं की झाड खाली ठेव." डोळे बारीक करून तो माझ्याकडे बघत होता, आणि मला दिसलं की घाबरलेला आहे, तरी कुंडीवरचा हात काढत नाहीये. मी त्याची कॉलर सोडली आणि झाड परत फळीवर ठेवलं. अख्ख्या आयुष्यात मी घाईने सुरू केलेलं एखादं काम पुरं न करता ठेवून दिलं, ते एवढंच.

कलम ६. चष्मिससाठी सूचना. रोज सकाळी डोळे बघ. तांदळाएवढे झाले की त्याच दिवशी लाव, रविवार असला तरी. मुळं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नकोस. उजवीकडचं जाड मूळ खोडाला तोलून धरतं, त्याला हात लावू नकोस. वळणाची बाजू समोर. माती काडीने दाबत जा, अंगठ्याने नाही. तुझी तार आजही गचाळ असते, तेव्हा या झाडाला तार बांधूच नकोस. आणि मला माफ कर. हे तोंडाने सांगायला गेलो तर तू "असू दे, असू दे" करशील, म्हणून लेखी.

कलम ७. थाळीत लावून झाल्यावर डाळिंब थाळीसकट तिला द्यावं. सोबत कोणी काही बोलू नये.

इथपर्यंत काल लिहून झालं होतं. पुढचं आज, शुक्रवारी दुपारी, सगळे खोलीत असताना लिहिलं आहे, आणि दादाच्या सांगण्यावरून जसं घडलं तसं नोंदवत आहे.

साक्षीला मास्तर आले. दुसरा साक्षीदार म्हणून मी चष्मिसला सांगितलं होतं. दादाने मसुदा वाचला आणि डोक्याला हात लावला. "ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केली की त्याच्या वाट्याचं बाद. मलाही चालत नाही, यालाही नाही." चष्मिस म्हणाला, "मग बाहेर कोणी मिळतंय का बघतो." आणि गेला तो तिलाच घेऊन आला. थाळ्या अर्ध्यावर टाकून आली होती, हात तसेच.

मी दादाला खुणावलं की हिची सही चालणार नाही. दादा तिला म्हणाला, "तुम्हाला सही करता येणार नाही. तुमचं नाव आहे यात." तिने कागद मागितला. मी नको म्हणालो. मास्तर म्हणाले, "दे रे, काही होत नाही." तिने उभ्यानेच सगळा वाचला. चौथं कलम वाचायला वेळ लावला. आई पाणी घेऊन दारात थांबली होती.

"म्हणजे मी सही केली तर हे झाड मला मिळणार नाही?" तिने दादाला विचारलं.

"नाही. कलम बाद होईल."

"नक्की ना?"

"वीस मृत्युपत्रं बघितलीत मी."

ती मला म्हणाली, "पेन."

मी म्हणालो, अगं, तुझ्यासाठीच ठेवलंय ते, दुसरं काही नाहीये माझ्याकडे.

"तुझ्या मागे मिळणारं मला काहीही नकोय. पेन दे."

तिने सही केली. कागदावर मातीचा अंगठा उमटला आहे, तो खाडाखोड समजू नये. मग म्हणाली, "आठ महिने विचारलं नाहीस. मला वाटलं नव्हतं जमेल." मी तोंड उघडलं तर म्हणाली, "आज नाही. उठल्यावर." आणि गेली. आईने तिच्यासाठी आणलेलं पाणी मला दिलं.

तेव्हा कलम ७ बाद. दादा म्हणतो, मग दुसऱ्या कलमाप्रमाणे झाड आईकडे जातं. आई म्हणाली, "मला नको रे बाबा, मी पाणी जास्त घालते." मास्तरांनीही नको म्हणून मान हलवली. चष्मिस म्हणाला, लावून देईन, पण ठेवून घेणार नाही. दादा म्हणतो, असं अधांतरी ठेवता येत नाही, कोणाचं तरी नाव घाल.

घालणार नाही. डाळिंब माझ्या नावावर आहे. ते न्यायला मी येईन.

लिहून देणार: सही (हात थोडा हलला आहे, सही माझीच आहे)

साक्षीदार १: सही, नर्सरीचे मालक, सर्वांचे मास्तर
साक्षीदार २: सही, थाळ्या घडवणारी. मला या कागदान्वये काहीही मिळायचं नाही.

ठिकाण: आमची खोली, खिडकीकडची खाट
तारीख: शुक्रवार, ऑपरेशनच्या चार दिवस आधी. डोळे अजून मोहरीएवढेच.